लातूरमार्गे नॉर्वे

रामलिंगअप्पा बिडवे नॉर्वेला गेले, ही बातमी नांदेडच्या गोदाकिरण कॉलनीत शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या नॉर्वेला, कारण त्या देशानं अप्पांना अजून व्हिसाच दिला नव्हता. पण असल्या किरकोळ कारणावरून एखाद्याचा परदेश दौरा अडवून धरायचा, इतकी कोत्या मनाची आमची कॉलनी कधीच नव्हती.

झालं असं, की अप्पांची एकुलती एक लेक शिल्पा नवऱ्यासोबत नॉर्वेत, ओस्लो नावाच्या गावी राहते. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा कायदा. पण तिच्या डॉक्टरीणबाईंनी विमानात बसायला साफ मनाई केली. मग लेकीला माहेरी येता येत नसेल तर माहेरानं उठून ओस्लोला जायचं, असं सिंधुताईंनी, म्हणजे अप्पांच्या मंडळींनी, ठरवून टाकलं. शिल्पा फोनवर एकदाच म्हणाली होती, "आई, तू जवळ असलीस ना, तर मला भ्या न्हाई वाटणार." त्या दिवसापासून सिंधुताई डिंक, खारीक आणि अळीव यांतच होत्या. आपल्या हातानं लेकीचं बाळंतपण करायचं, नातवंडाला पहिली अंघोळ घालायची, एवढंच त्यांना या जगाकडून हवं होतं.

व्हिसाचं काम अप्पांनी स्वतःकडं घेतलं. तिथंच सगळं बिघडलं.

अप्पा एका सरकारी कचेरीत हयातभर बडे बाबू होते. आलेल्या अर्जात त्रुटी काढणं हे त्यांचं कामही होतं आणि छंदही. विहीर खणायची परवानगी मागायला आलेल्या एका माणसाला त्यांनी 'सोबत विहिरीचा फोटो जोडलेला नाही' म्हणून परत पाठवलं होतं, आणि तो बिचारा दुसऱ्याच्या विहिरीचा फोटो घेऊन आला, तेव्हा 'विहीर आधीच आहे' म्हणून पुन्हा परत पाठवलं होतं. अशा माणसावर साठी उलटल्यावर पहिल्यांदा स्वतःचा अर्ज करायची पाळी आली. देव बघत असतो, म्हणतात ते काही उगीच नाही.

"व्हिसा म्हंजे काय, फॉर्मॅलिटी," अप्पा म्हणाले. "कागदाला कागद जोडला की कुणाच्या बापाची न्हाई म्हणायची टाप न्हाई."

वकिलातीनं मोजकेच कागद मागितले होते. अप्पांनी सातबारा जोडला, आठ-अ जोडला, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, निवडणुकीच्या ड्युटीचं प्रशस्तिपत्र जोडलं. लग्नाआधीच्या सिंधुताई आणि लग्नानंतरच्या सिंधुताई या दोन बाया नसून एकच बाई आहे, याचं शपथपत्र जोडलं. नॉर्वेतल्या माणसानं हे सगळं वाचलं असेल, तर त्याला मराठवाड्याबद्दल बरीच माहिती झाली असणार.

अडलं एका ठिकाणी. तुम्ही मुदत संपल्यावर परत याल याचा पुरावा द्या, असं त्यात लिहिलं होतं. हे वाचून अप्पांना झोंबलं.

"परत न यायला तिथं ठिवलंय काय?" ते ओट्यावर येऊन कडाडले. "नुसता बर्फ! आमचं घर हाय इथं, पेन्शन हाय, नांदेडसारखं गाव हाय. आन् हे विचारून राहिले, परत येताल का म्हून!"

शेजारचे महादेवप्पा ओट्यावरच बसले होते. महादेवप्पा म्हणजे निवृत्त तलाठी. सल्ला हा त्यांच्या अंगात मुरलेला. कुणी काही विचारायच्या आत ते उत्तर देतात, आणि विचारलं तर वेगळं देतात. ते म्हणाले, "अप्पा, शपथपत्र करा. दोन साक्षीदार घ्या. एक मी हायच."

दुसरे साक्षीदार रियाजभाई. चौकात त्यांचं फ्लेक्स आणि फोटोचं दुकान. अप्पांचा ऑनलाइन फॉर्म त्यांनीच भरून दिला होता, फोटोही त्यांनीच काढले होते. व्हिसाच्या फोटोचे नियम कडक. तोंड मिटलेलं, कान उघडे, हसायचं नाही. "अप्पा, कान दाखवा, दात नका दाखवू," असं म्हणत रियाजभाईंनी जो फोटो काढला, तो बघून सिंधुताई म्हणाल्या, "हे असं तोंड बघून कोण घेईल देशात?"

तिघं कोर्टासमोर टेबल टाकून बसलेल्या नोटरीकडं गेले. नोटरीनं चष्म्यावरून बघितलं. "जाणार असल्याचं करून देतो," तो म्हणाला. "परत येणार असल्याचं आजपावेतो कुणी मागितलं न्हाई." पण मागितल्यावर करून दिलंच. साक्षीच्या वेळी त्यानं रिवाजाप्रमाणं विचारलं, हे गृहस्थ परत येतील याची खात्री आहे का?

"शंभर टक्के," महादेवप्पा म्हणाले. "मला माझं नशीब ठाऊक हाय ना."

मग बोटांचे ठसे द्यायला अप्पा आणि सिंधुताई हैदराबादला जाऊन आले. आल्या आल्या महादेवप्पांनी गेटातच धरलं.

"ठसे घेतले?"

"घेतले."

"अंगठ्याचा एकट्याचा का सगळ्या बोटांचे?"

"दोन्ही हातांच्या सगळ्या बोटांचे."

"झालं मग!" महादेवप्पांनी टाळीच वाजवली. "अहो, नुस्ता अंगठा लावला तर रान नावावर होतंय. तुमची तर सगळी बोटं घेतली. आता नॉर्वे काय मागं सरतंय?"

आता हसू नका. आपल्याकडं ठसा हा शेवटचाच असतो. रजिस्ट्रीत आधी महिनोन्महिने भांडण, आणि अंगठा उमटला की पेढे. रेशनवाल्याच्या मशीनवर बोट टेकलं की धान्य. पहिल्यांदा ठसे घेऊन मग 'कळवतो' म्हणणारं सरकार आमच्या माणसानं कुठं बघितलंय? महादेवप्पांनी जो अर्थ काढला तोच कुणीही काढला असता. अप्पांनाही तो अर्थ इतका आवडला, की त्यांनी तो दुरुस्त केला नाही.

संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनाच्या फुलांचा ढीग पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाराव आले.

अण्णाराव म्हणजे आमच्या वॉर्डाचे भावी नगरसेवक. दोन निवडणुका झाल्या, माणूस भावीचा भावीच आहे. वॉर्डात कुणाचं बारसं असो, कुणी दहावी पास होवो, कुणाच्या दारात बोअरला पाणी लागो, अण्णारावांचा फ्लेक्स लागतो. आता तर थेट परदेश! त्यांनी अप्पांचे दोन्ही हात धरले. "अप्पासाहेब, आपल्या वॉर्डातून नॉर्वेला जाणारे तुम्ही पहिलेच. तुमचा सत्कार झाला न्हाई तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई."

"अहो, पण अजून..." सिंधुताई आतून म्हणाल्या.

"सिंधु, चहा," अप्पा म्हणाले.

चहा पिऊन अण्णाराव गेल्यावर सिंधुताई बाहेर आल्या. "अजून व्हिसा यायचा हाय, हे सांगायला तुमची जीभ झडली व्हती का?"

"येईलच की आज-उद्या. आन् ते सत्कार करायचा म्हणून राहिले, तुला काय त्रास हाय?" अप्पा म्हणाले. खरं सांगायचं तर रिटायर होताना कचेरीत त्यांचा सत्कार झाला नव्हता. साहेबच रजेवर गेले होते. ते शल्य मनात होतं, आणि ज्याच्या मनात असं शल्य असतं त्यानं अण्णारावांना चहा पाजू नये.

चौकात फ्लेक्स लागला. त्यावर डोक्यापासून कमरेपर्यंत अण्णाराव, हात जोडलेले. त्यांच्यावर त्यांचे नेते. खाली अण्णारावांच्या मित्रमंडळाची रांग, गॉगलसकट. आणि एका कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे, कान उघडे आणि तोंड मिटलेले अप्पा. रियाजभाईंकडं दुसरा फोटोच नव्हता. वर लिहिलं होतं, 'नॉर्वे देशी प्रस्थान केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. नवख्या माणसाला वाटायचं, या गृहस्थाला हद्दपार केलंय आणि त्याबद्दल सगळे अण्णारावांचं अभिनंदन करताहेत.

सत्कार दणक्यात झाला. शाल, श्रीफळ, फेटा. महादेवप्पांनी भाषणात सांगितलं, की नॉर्वेत सहा महिने रात्र असते, तेव्हा अप्पांनी एकादशी कधी धरायची ते इथूनच विचारून जावं. बायकांनी सिंधुताईंची ओटी भरली. कुणी लंडनच्या भाच्यासाठी लोणचं दिलं, कुणी अमेरिकेतल्या पुतण्यासाठी शेवयांचा डबा दिला, "वाटंतच हाय ना" म्हणून. आणि शेवटी अण्णारावांनी माईक धरून जाहीर केलं, की येत्या गुरुवारी, पनवेलच्या गाडीनं अप्पासाहेब प्रस्थान ठेवतील, तिथून विमान, आणि निरोप द्यायला खुद्द नेते स्टेशनवर येतील.

गुरुवार का? तर त्या दिवशी नेते नांदेडात होते. याहून दुसरं कारण काही नाही.

मग माईक अप्पांच्या हातात दिला. 'मंडळी, व्हिसा अजून आलेला नाही,' एवढंच वाक्य म्हणायचं होतं. समोरच्या रांगेत बसून सिंधुताई डोळ्यांनी तेच सांगत होत्या. अप्पांनी घसा खाकरला. फेटा सावरला. आणि म्हणाले, "मी सर्वांचा शतशः ऋणी आहे."

गुरुवारी वाजतगाजत वरात निघाली. गाडीला फुलांच्या माळा. प्लॅटफॉर्मवर नेते आले, फोटो झाला, गेले. सगळ्या कॉलनीनं हात हलवले. गाडी हलली, नांदेड मागं पडलं, आणि सिंधुताईंनी गळ्यातला हार काढून अप्पांच्या मांडीवर ठेवला.

"आता?"

"ही गाडी लातूरवरूनच जाती," अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुझ्या भावाकडं चार दिवस ऱ्हाऊ. व्हिसा आला की तिथूनच परस्पर जाऊ. कुणाला कळत न्हाई."

"लोक नॉर्वेला जात्यात. तुम्ही मला माहेरी घेऊन चालले," सिंधुताई म्हणाल्या आणि लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या.

सिंधुताईंचा भाऊ शिवकुमार. लातुरात त्याचं दुमजली घर, आणि वरचा सगळा मजला क्लासच्या पोरांना भाड्यानं दिलेला. त्यानं दाजींना बैठकीत जागा करून दिली. लपायला लातूर निवडणं ही अप्पांची दुसरी चूक. निम्म्या मराठवाड्याची पोरं तिथं डॉक्टर व्हायला बसलेली, आणि त्यांचे आईबाप डबे घेऊन येऊन-जाऊन. प्रत्येक वळणावर नांदेडचा माणूस. अप्पा तोंडाला गमचा बांधून दूध आणायला जायचे तर चहाच्या टपरीवर हमखास कुणीतरी विचारायचं, "काका, तुमचं पोरगं कोणत्या क्लासला?" दोन दिवस ते गप्प बसले. तिसऱ्या दिवशी माणसाचा स्वभाव उसळून आला, आणि त्यांनी एका अनोळखी बापाला पोराचा केमिस्ट्रीचा क्लास बदलायला लावला. बडा बाबू शेवटी बडा बाबूच.

इकडं ग्रुपवर फोटोंची मागणी सुरू झाली. अप्पांनी शिल्पानं हिवाळ्यात पाठवलेले बर्फाचे फोटो चिकटवले. 'पोचलो. हवा छान' असं खाली लिहिलं. ते लिहिताना लातुरात कूलरचं पाणी संपलं होतं आणि अप्पा बनियनवर बसले होते.

एका सकाळी रियाजभाईंचा फोन आला. अप्पांनी धीर करून उचलला. "हां रियाजभाई, सगळं ठीक हाय, थंडी लई हाय..." असं म्हणतायत तोच बाहेर गल्लीत घंटागाडी आली आणि भोंग्यावरून बाईच्या आवाजात सुरू झालं, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा.

रियाजभाईंनी भोंगा पुरता ऐकून घेतला.

"अप्पा," रियाजभाई म्हणाले, "नॉर्वेची घंटागाडी मराठीत बोलून राहिली."

"इथं... मराठी माणसं लई हायेत."

"हाव का," रियाजभाई म्हणाले. "मग तब्येतीला जपा. थंडीत उघडं नका बसू." आणि त्यांनी फोन ठेवला. या माणसानं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. दुकानात भलीमोठी अक्षरं छापणाऱ्या माणसाच्या पोटात इतकं काही राहतं, हे कॉलनीला माहीत नाही.

सिंधुताई मात्र कुणाशी खोटं बोलत नव्हत्या, कारण त्या कुणाशी बोलतच नव्हत्या. फक्त शिल्पाचा फोन आला की गच्चीवर जायच्या. शिल्पाचे दिवस भरत आले होते. "आई, कधी येतेस गं?" ती विचारायची. एकदा तर ती रडली. सिंधुताई खाली आल्या आणि लाडवांचा डबा उघडून, वास घेऊन, पुन्हा बंद करून ठेवला. "तुमच्या त्या शालीपायी माझी लेक रडून राहिली," त्या म्हणाल्या. अप्पांना काहीतरी लागलं आत, पण त्यांनी पेपर वर केला.

आणि मग ग्रुपवर महादेवप्पांचा मेसेज आला. 'आज आपल्या अप्पांची चौकशी करायला व्हिसाच्या कामाचा एक माणूस कॉलनीत आला होता. घराला कुलूप बघून माझ्याकडे आला. मी त्याला सविस्तर माहिती दिली आहे.'

अप्पांनी तिथल्या तिथं महादेवप्पांना फोन लावला, आणि सविस्तर माहितीचा सविस्तर वृत्तांत कळला. अर्जदार खरोखर राहतो कुठं, हे बघायला पडताळणीवाला आला होता. महादेवप्पांनी त्याला बसवलं, सरबत दिलं आणि सांगितलं, की अप्पा जाऊन लई दिवस झाले. पडताळणीवाला म्हणाला, अहो, त्यांचा व्हिसा तर अजून निघालेला नाही, गेले कसे? महादेवप्पा अभिमानानं म्हणाले, "त्यांची वळख वरपर्यंत हाय." परत कधी येणार? "कशाला येतेत? कायमचेच गेले!" एवढं बोलून त्यांनी त्याला चौकात नेऊन फ्लेक्स दाखवला. त्यानं फ्लेक्सचा फोटो काढला.

"कायमचे कशाला म्हणाले हो!" अप्पा किंचाळले.

"अहो, तीन महिन्यांसाठी गेले म्हणलं तर कॉलनीची काय इज्जत ऱ्हाते?" महादेवप्पा म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आलं. "पण अप्पा, तुम्हाला एवढं काहून लागलं? तुम्ही तर पोचले ना?"

अप्पांनी फोन ठेवला, नंबर मिळवून पडताळणीवाल्याला लावला आणि आपण कुठंच गेलेलो नाही असं सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, "काका, एकीकडं तुमचं परत येण्याचं शपथपत्र आहे, दुसरीकडं तुमचे शेजारी म्हणतात कायमचे गेले. शपथपत्रावर साक्षीदार म्हणून सही पण त्यांचीच आहे. मी काय समजायचं? उद्या दुपारी परत येतो. घरी समक्ष हजर राहा. शेजाऱ्यांनी ओळखलं, की झालं काम."

ओळखलं की झालं काम! गोदाकिरण कॉलनीत अप्पांना कोण ओळखत नाही?

दुसऱ्या दिवशी एसटीनं दोघं नांदेडला आले. रणरणत्या उन्हात कॉलनी कूलर लावून झोपलेली. चौकातल्या फ्लेक्सखालून अप्पा मान खाली घालून गेले. घरात शिरले, खिडक्या बंदच ठेवल्या. सिंधुताईंनी मात्र मुद्दाम अंगण झाडायला घेतलं. अर्ध्या कॉलनीची झोप त्या खराट्याच्या आवाजानं मोडली.

पडताळणीवाला आला आणि रीतसर आधी शेजारच्यांची बेल वाजवली. मग महादेवप्पांना घेऊन अप्पांच्या गेटाशी आला. दार वाजलं. अप्पांना बाहेर यावंच लागलं. तोवर गेटापाशी गर्दी जमली होती. गर्दी जमली म्हणून अण्णाराव आले होते. दुकान उघडायला निघालेले रियाजभाई थांबले होते.

"हे कोण?" पडताळणीवाल्यानं विचारलं.

महादेवप्पांनी अप्पांकडं बघितलं. आता या माणसाच्या मनात काय आलं ते नीट समजून घ्या. त्यांना वाटलं, हा सरकारी माणूस काहीतरी लफड्यात अप्पांना पकडायला आलाय. आपण तर काल याला 'अप्पा गेले' म्हणून सांगितलंय. आता फिरलो तर अप्पाही अडकतील आणि आपणही. त्यांनी अप्पांना डोळा घातला, म्हणजे 'भिऊ नका, मी हाय', आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "हे अप्पा न्हाईत. हे त्यांचे धाकटे भाऊ. लातूरचे."

"धाकटे भाऊ?"

"अगदी सारखेच दिसतेत. आमचीबी फसगत होती," महादेवप्पा म्हणाले.

"आन् अप्पासाहेबांना तर मी स्वतः गाडीत बसवलं," अण्णाराव पुढं सरसावले. "नेत्यांसोबतचा फोटो हाय माझ्याकडं. ते आजच्या तारखेला नॉर्वेतच हायेत. उगीच आमच्या वॉर्डाची बदनामी नका करू." अप्पा नॉर्वेला गेलेच नाहीत असं निघालं असतं, तर लोक अण्णारावांच्या नेत्यांना हसले असते. तेव्हा अप्पांपेक्षा अप्पांच्या नॉर्वेची काळजी त्यांना जास्त.

पडताळणीवाला अप्पांकडं वळला. "काका, तुम्हीच सांगा. तुम्ही कोण?"

एवढा सोपा प्रश्न अप्पांना उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यांनी समोर बघितलं. लोणचं दिलेल्या बाई होत्या. शेवया दिलेले काका होते. ज्यांनी ग्रुपवर बर्फ बघून 'भाग्यवान आहात' लिहिलं ते सगळे होते. नाव सांगितलं, की यांच्यासमोर आपण आठवडाभर मेहुण्याच्या बैठकीत बनियनवर बसलो होतो, हेही सांगावं लागणार. त्यांनी तोंड उघडलं.

"मी... त्यांचा धाकटा भाऊ," अप्पा म्हणाले.

"आन् मी कोण?"

दारात सिंधुताई उभ्या होत्या. हातात खराटा तसाच.

"सांगा की! हे तुमचे धाकटे भाऊ, तर मग मी कोण यांची? लेक तिकडं पोट धरून एकटी बसली हाय, आन् तुम्ही इथं सोताचेच भाऊ होऊन राहिले!" त्या पायऱ्या उतरून गेटापाशी आल्या. "लिहून घ्या हो साहेब. हेच रामलिंग बिडवे. हे कुठं गेले नव्हते. व्हिसा आला न्हाई हे सांगायची लाज वाटली म्हणून लातुरात माझ्या भावाकडं लपून बसले. नॉर्वेचे फोटो माझ्या लेकीचे. ते लोणचं माझ्या माहेरच्यांनी खाल्लं."

लोणच्याच्या बाईंनी आवाज केला, पण सिंधुताई थांबल्या नाहीत. महादेवप्पा कुंपणावरच्या जास्वंदीकडं बघायला लागले. अण्णाराव कधी गेले कुणाला कळलं नाही.

"खरं हाय," रियाजभाई तेवढे म्हणाले. "मी घंटागाडी ऐकली."

पडताळणीवाल्यानं सिंधुताईंना विचारलं, "आणि तुम्ही? परत येणार कशावरून?"

"भाऊ, जावयाचं घर हाय ते," सिंधुताई म्हणाल्या. "लेक उठून बसती झाली, की मी एक दिवस जादा ऱ्हायची न्हाई. जावयाच्या घरी मुक्काम ठोकून बसलेली सासू तुम्ही कुठं बघितली का? मला शोभंल का ते?"

त्यानं ते लिहून घेतलं. सगळ्या शपथपत्रांपेक्षा त्याला ते पटलेलं दिसलं. मग अप्पांनी धावत जाऊन आधारकार्ड आणलं, पॅन आणलं, पेन्शनचं पुस्तक आणलं, ओंजळभर कागद त्याच्यापुढं धरले.

"कागदांत काहीच त्रुटी नाही काका," तो म्हणाला. "पण मी विचारलं तेव्हा तुम्ही स्वतःच नाही म्हणालात."

दोघांचे पासपोर्ट एकाच दिवशी कुरियरनं आले. सिंधुताईंच्या पासपोर्टवर व्हिसा होता. अप्पांच्या पासपोर्टसोबत एक कागद होता. दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. अप्पांनी तो अनेकदा वाचला. शेरा त्यांना निर्दोष वाटला. त्यांनी स्वतः लिहिला असता तर असाच लिहिला असता.

महादेवप्पा अपील करायचं म्हणून कागद घेऊन आले, त्यांना अप्पांनी पहिल्यांदाच दारातून परत पाठवलं.

सिंधुताई निघाल्या तेव्हा हार नव्हता, वाजंत्री नव्हती. रियाजभाईंनी गाडी काढली होती, आणि त्यांच्या बायको सालेहाभाभी लाडवांचा डबा मांडीवर घेऊन मागं बसल्या होत्या. अप्पा गेटाला धरून उभे होते.

"सिंधु, चुकलं माझं," ते म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. "शिल्पाला सांग, बाप मूर्ख हाय."

"तिला ठाऊक हाय," सिंधुताई म्हणाल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "दूध वतू जाऊ देऊ नका." आणि गाडी गेली.

त्या पोचल्या आणि चारच दिवसांत शिल्पाला मुलगी झाली. अप्पा पेढे आणायला निघणार, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. बातमी ऐकून महादेवप्पा, रियाजभाई आणि लोणच्याच्या बाईसुद्धा घरात शिरून अप्पांच्या खांद्यावरून बघायला लागले. आधी ओस्लोचं छत दिसलं, मग दमलेली, हसरी शिल्पा दिसली, आणि मग सिंधुताईंच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेली एवढीशी पोर. तेल लावून, न्हाऊ घालून चकचकीत. सिंधुताईंनी तिचं तोंड फोनकडं केलं.

"बघ गं बाई," त्या तिला म्हणाल्या, "हे जे दिसून राहिले ना, हे तुझे लातूरचे धाकटे आजोबा. खरे आजोबा म्हणं इथंच नॉर्वेत आलेत. मी आल्यापासून हुडकून राहिले, अजून काही सापडले न्हाईत."

मागं महादेवप्पा खोकले. लोणच्याच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. अप्पांनी फोन दोन्ही हातांनी धरला, अगदी तोंडाजवळ नेला.

"सापडलो गं माय," ते म्हणाले. "मीच हाय."